सीतेची आसवे किडे खातात?

"माऊ, माणसाला खाणारं झाड खरंच असतं?"

रविवारी सकाळी साडेसातला फोनवर हा प्रश्न. विचारणारा माझा भाचा, वय वर्षं सहा, घरात नाव छोट्या. मी अर्धवट झोपेत. आदल्या रात्री अडीच वाजता एक स्टोरी मेल करून आडवी झालेले. अशा वेळी माणूस काय वाट्टेल ते बोलतो. मी बोलून गेले, "माणसाला नाही रे, पण किडे खाणारं असतं. आपल्या महाराष्ट्रातच असतं. दाखवीन तुला."

झालं! लहान मुलांसमोर 'दाखवीन' हा शब्द उच्चारण्याआधी वकिलाचा सल्ला घ्यावा. पाच मिनिटांत ताईचा फोन. "तू न्यायचं कबूल केलंस म्हणे? बरं होईल गं. आमचं दोघांचं रिलीज आहे, सप्टेंबरभर मान वर करता येणार नाही. तुला काय, तू तर घरीच असतेस." मंडळी, फ्रीलान्सर माणसाला शिव्या द्या, पण 'तू तर घरीच असतेस' म्हणू नका. पण ते जाऊ दे.

खरं टेन्शन छोट्याचं नव्हतंच. त्याच्या मोठ्या बहिणीचं होतं. ती नऊ वर्षांची. घरात सगळे तिला मोठी म्हणतात आणि ती तशी वागतेही. आदल्या वर्षी जूनमध्ये मी दोघांना काजवे दाखवायला नेणार होते. बॅगा भरल्या होत्या, बॅटरीचे सेल आणले होते, आणि निघायच्या दुपारी मला एक काम आलं. 'पुढच्या शनिवारी नक्की' म्हणाले. पुढच्या शनिवारी धो धो पाऊस, आणि मग काजवे संपलेच. छोट्या ते विसरून गेला. मोठी विसरली नव्हती. यावेळी मी तिला फोनवर उत्साहात सगळा प्लॅन सांगितला, तर पलीकडून एकच शब्द आला. "बघू."

हा शब्द तिच्या आईबाबांचा आहे. माझाही आहे. नऊ वर्षांच्या मुलीच्या तोंडून तो ऐकला तेव्हा पोटात कसंतरी झालं. त्याच रात्री मी कासचं ऑनलाइन बुकिंग करून टाकलं. मंगळवारचं. शाळेच्या डायरीत दोघांना 'सर्दी' झाली. (शिक्षकांनो, माफ करा.)

कास का? कारण कीटकभक्षी वनस्पती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं ते व्हीनस फ्लायट्रॅप. दोन जबडे, कडेने दात, माशी बसली की खटकन बंद. छोट्याच्या यूट्यूबवरचा हीरो तोच. पण तो गडी मूळचा अमेरिकेतल्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलायनाचा. जगात बाकी कुठे रानात सापडत नाही. सुरईसारखी पानं असलेली घटपर्णी आपल्या देशात आहे, पण तिला भेटायला मेघालयात जावं लागतं. आमच्या बजेटमध्ये बसणारे शिकारी दोनच, दवबिंदू आणि सीतेची आसवे. दोन्ही पावसाळ्यात कास पठारावर सापडतात. पुण्यापासून साताऱ्यापर्यंत साधारण ११० किलोमीटर आणि तिथून यवतेश्वराचा घाट चढून आणखी पंचवीसेक.

पहाटे साडेपाचला निघालो. खंबाटकीपर्यंत दोघं झोपलेले. साताऱ्यात इडली-वडा हाणला आणि घाटाला लागलो, तर धुकं असं की पुढच्या गाडीचे लाल दिवेच काय ते दिसत होते. छोट्याने विचारलं, "ती झाडं आपल्याला धुक्यातून बघतात का?" मोठी खिडकीबाहेर पाहत होती. तिने अजून काही ठरवलेलं नव्हतं.

कासच्या फुलांचं वर्णन मी करत बसत नाही. तुमच्या मोबाइलवर दर सप्टेंबरात पन्नास फोटो येऊन पडतातच. जांभळा तेरडा, पांढरे गेंद, पिवळी सोनकी, मिकी माऊससारखी दिसणारी ती पिवळी फुलं... इथे सपुष्प वनस्पतींच्याच ८५०च्या आसपास जाती नोंदल्या गेल्या आहेत, आणि २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला त्यात कासही आहे. हे सगळं खरं. पण आमच्या टीमला फुलांशी काही देणंघेणं नव्हतं. आम्हाला राक्षस पाहायचा होता.

आजूबाजूच्या गावांतलेच लोक इथली व्यवस्था बघतात. त्यांच्यातलेच एक काका आमच्याबरोबर आले. डोक्यावर टोपी, पायात गमबूट, हातात काठी. छोट्याने थेट विषयाला हात घातला. "काका, किडे खाणारं झाड कुठंय?"

काका वीसेक पावलं चालले, पायवाटेच्या कडेला थांबले आणि काठीने जमिनीकडे दाखवलं. "हितं बघा."

आम्ही पाहिलं. ओलं काळपट-लाल दगडी पठार, खळग्यात साचलेलं पाणी, थोडं गवत. बस्स.

"कुठे?"

"खाली बसा की. उभ्यानं न्हाई दिसायचं."

मी उकिडवी बसले. छोट्याला तेवढीही गरज नव्हती, तो नुसता वाकला. आणि मग दिसलं. जेमतेम वीतभर उंचीचं, दोऱ्यासारख्या बारीक पानांचं एक रोपटं. प्रत्येक पानावर तांबूस केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चकाकणारा एकेक थेंब. तेच गवती दवबिंदू. त्याच्याच बाजूला, जमिनीला चिकटून, एक रुपयाच्या नाण्याएवढं लालसर चक्र. तो त्याचा बुटका भाऊ, त्याचीही पानं तशाच थेंबांनी भरलेली.

"हे?" छोट्याचा आवाज फुटला. "एवढुसं? हे तर माझ्या बोटालापण खाणार नाही!"

बॉस, वाट लागली होती. पहाटे चारला उठून, सर्दीचं खोटं सांगून, चार तास गाडी चालवून मी त्याला गवत दाखवत होते. मोठीने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काजवे होते.

वाचवलं ते काकांनी. त्यांनी मोठीला विचारलं, "बाळ, ह्ये थेंब कशाचं?"

"दवाचे. नावच दवबिंदू आहे ना."

"मग दुपारच्याला ऊन पडल्यावर बघ. दव वाळतं. ह्ये न्हाई वाळत."

मोठी खाली बसली. गुडघे चिखलात टेकवून. तिचं नाक त्या पानापासून वीतभर अंतरावर. मी बॅगेतून भिंग काढून दिलं. (वीस मिनिटं शोधून आणलेलं, आजोबांच्या पेपर वाचायच्या काळातलं. फुल वसूल.) आणि ती एकदम म्हणाली, "माऊ, यात कुणीतरी आहे."

चिलट होतं. एवढं बारीक की डोळ्याला नुसता ठिपका वाटावा. भिंगातून मात्र त्याचे पाय दिसत होते. दोन पाय थेंबात रुतलेले, बाकीचे हलत होते. जितकं हलावं तितके आणखी थेंब त्याला चिकटत होते. तो थेंब म्हणजे चक्क डिंक. वास आणि चकाकीला भुलून किडा येतो, चिकटतो, धडपडतो. धडपडीचा निरोप मिळाला की आजूबाजूचे केस त्याच्यावर वाकायला लागतात. चिकट द्रव अंगभर पसरला की त्याचा श्वास कोंडतो. मग त्याच केसांमधून पाचक रस सुटतात, मऊ भाग विरघळतो आणि पान तो शोषून घेतं. काही दिवसांनी उरतं ते रिकामं टरफल.

मी हे सांगत असतानाच मागून दोन आवाज एकदम आले.

"खा! खा त्याला!" हा छोट्या.

"माऊ, आपण काडीने सोडवू या ना त्याला. अजून जिवंत आहे." ही मोठी.

आता सांगा, काय कराल? मास कम्युनिकेशनच्या कोर्सला आम्हाला एथिक्सचा एक आख्खा पेपर होता. घटना घडताना पत्रकाराने हस्तक्षेप करावा का, यावर मी दहा मार्कांचं उत्तर लिहिलंय. तिथे चिखलात बसून मला त्यातलं एक वाक्य आठवेना. मी चाचरत म्हणाले, "अगं, त्या झाडाला भूक लागलीय."

"झाडांना भूक लागत नाही. ती उन्हात जेवण करतात. आम्हाला आहे शाळेत."

करेक्ट आहे. दवबिंदूसुद्धा हिरवा आहे, उन्हातून साखर तोही बनवतो. पण नुसत्या साखरेवर कुणाचं अंग धरत नाही. प्रथिनं बनवायला नायट्रोजन लागतो आणि बाकीची झाडं तो मातीतून घेतात. कासला माती आहेच किती! खाली जांभा दगड, वर इंच-दोन इंच मातीचा थर, त्यावर चार महिने कोसळणारा पाऊस. मातीत जे काही पौष्टिक असतं ते पाणी धुऊन नेतं. अशा ठिकाणी उगवायचं तर जेवण हवेतून पकडावं लागतं. किडा म्हणजे त्याचं खत, चालत आलेलं.

मोठीने विचार केला. "मग सरळ खत टाका ना इथे! म्हणजे त्याला कुणाला मारावं लागणार नाही."

मी काकांकडे पाहिलं. काका हसले. "खत टाकलं तर ह्यो न्हाई वाढायचा, बाळ. गवत वाढंल. पुरुषभर. मग ह्याला ऊनच मिळायचं न्हाई." पूर्वी गुरं चरायची तेव्हा गवत आपोआप कापलं जायचं, असंही ते म्हणाले. फंडा असा, की दवबिंदू गरीब जमिनीतच टिकतो, कारण तिथे त्याच्याशी भांडायला धडधाकट शेजारी येत नाहीत. जमीन सुपीक केली की तोच पहिला मरतो. हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं. पण नऊ वर्षांच्या मुलीला कळेल अशा भाषेत ते काकांना माहीत होतं.

चिलट आम्ही सोडवलं नाही. मोठीनेच हातातली काडी खाली ठेवली. पण ती खूश नव्हती. "परत येताना बघू," म्हणाली. हा 'बघू' वेगळा होता.

पुढे सगळं जांभळं. काकांनी हात फिरवून म्हटलं, "ही सीतंची आसवं." नखाएवढी, निळसर-जांभळी, हजारोंनी. सीतामाईची आसवं पडली तिथे ही फुलं उगवली, असं इकडे म्हणतात, असं काकांनी सांगितलं. आणि मी, मोठ्या हुशारीने, जोडलं, "हेपण किडे खातं बरं का."

पिनड्रॉप शांतता. मग छोट्या म्हणाला, "सीतेची आसवे किडे खातात?"

काका खो खो हसायला लागले. मोठीने मात्र गंभीरपणे तोडगा काढला. "ती रावणावर चिडली होती ना. म्हणून असेल."

पण गंमत अशी की हा शिकारी दिसतच नाही. फूल वर, सगळा कारभार जमिनीखाली. याला खरी मुळंच नसतात. ओल्या मातीत धाग्यांसारखे भाग पसरलेले असतात आणि त्यांवर टाचणीच्या डोक्याहून लहान फुगे. प्रत्येक फुग्याला एक झडप. फुगा आतलं पाणी बाहेर टाकून पोट आत ओढून बसतो. झडपेजवळच्या केसाला एखाद्या सूक्ष्म जिवाचा धक्का लागला की झडप उघडते, पाणी आणि पाहुणा दोघं आत, झडप बंद. सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात! व्हीनस फ्लायट्रॅपने याच्याकडे शिकवणी लावावी.

"दाखव ना," छोट्या म्हणाला.

"मातीखाली आहे रे ते."

"मग एकच उपटू या. एकच, माऊ!"

खरं सांगते, माझाही हात शिवशिवला. या लेखासाठी एक क्लोज-अप मिळाला असता तर काय सही झालं असतं! इतकी हजारो आहेत, एकाने काय होतंय? काकांनी बहुतेक माझा चेहरा वाचला. ते छोट्याशी बोलले, पण ऐकवलं मला. "दिवसाला तीन हजार माणसं सोडत्यात हितं. येकेकानं येकच उपटलं तर सांजंला किती?"

छोट्याला अजून हजार मोजता येत नाहीत. मोठीने सांगितलं, "तीन हजार. आणि महिन्याला नव्वद हजार."

मी कॅमेरा सावरत "हो, बरोबर आहे" असं काहीतरी पुटपुटत दोन पावलं मागे सरले, फ्रेममध्ये तिघं नीट यावेत म्हणून. तेव्हा मोठी ओरडली. "माऊ! पाय!"

मी पायवाटेच्या बाहेर होते. बुटाखाली जांभळा पुंजका. पाय उचलला तर फुलं चिखलात दाबली गेलेली, बुटाच्या तळव्याची नक्षी स्पष्ट उमटलेली. दहा-बारा तरी असतील. एक उपटायला नको म्हणून आत्ताच मान डोलावणारी मी! काका काही बोलले नाहीत. त्यांनी ते रोज पाहिलं असेल. मोठी पुढे आली, खाली बसली आणि बोटाने एकेक देठ उभा करायचा प्रयत्न करू लागली. दोन उभे राहिले. बाकीचे नाही.

"सॉरी," मी म्हणाले. कुणाला म्हणाले ते मलाही माहीत नाही.

"तू मुद्दाम नाही केलंस," ती म्हणाली. काजव्यांच्या वेळी ती हे वाक्य बोलली नव्हती.

फुग्याचं रहस्य शेवटी पार्किंगमध्ये उलगडलं. छोट्याच्या औषधाच्या बाटलीतला ड्रॉपर काढला. रबरी फुगा दाबायचा, टोक पाण्यात बुडवायचं, सोडायचं. सुर्रकन पाणी आत. "हेच करतं ते. फक्त दाबायला त्याला बोटं लागत नाहीत. आणि एकदा झालं की अर्ध्या तासाच्या आत पुन्हा तयार." छोट्याने पुढची पंधरा मिनिटं एका डबक्यातलं पाणी ड्रॉपरने इकडून तिकडे केलं. एवढा मोठा प्रवास, युनेस्कोचं पठार, आणि पोराची सर्वात जास्त धम्माल कुठे, तर पार्किंगमधल्या डबक्यात.

पण त्याआधी, परतताना, आम्ही चिलटाकडे थांबलो होतो. ऊन वर आलं होतं. गवतावरचं दव केव्हाच गेलेलं. दवबिंदूचे थेंब जसेच्या तसे. चिलटाच्या भोवतीचे तांबूस केस आता आत वळले होते, मुठीसारखे. चिलट हलत नव्हतं. मोठीने भिंगातून बराच वेळ पाहिलं. मग भिंग छोट्याकडे दिलं. 'खा खा' करणारा छोट्या ते पाहून एकदम गप्प झाला. हळूच म्हणाला, "त्याला दुखलं असेल?"

कुणीच उत्तर दिलं नाही. त्याच रोपट्याच्या वरच्या टोकाला एक छोटंसं गुलाबी फूल होतं. त्यावर दुसराच कुठलातरी किडा बसून, आपलं काम करून, आरामात उडून गेला.

येताना गाडीत मी त्यांना डार्विनची गोष्ट सांगितली. १८६० सालच्या उन्हाळ्यात हा माणूस नातेवाइकांकडे गेला असताना त्याला दवबिंदूच्या जातीच्या एका झाडावर चिकटलेले किडे दिसले. झालं, लागला नादाला. मांस, दूध, अंड्याचा पांढरा भाग, काय काय त्या पानांवर ठेवून पाहिलं. पंधरा वर्षांनी, १८७५ मध्ये, कीटकभक्षी वनस्पतींवर आख्खं पुस्तक काढलं. पण किडे खाऊन झाडाचा खरंच फायदा होतो का, हे त्याच्या मुलाने, फ्रान्सिसने, दाखवलं. त्याने काही झाडांना भाजलेल्या मांसाचे बारीक तुकडे भरवले, काहींना उपाशी ठेवलं. भरवलेल्यांना कितीतरी जास्त बिया धरल्या. १८७८ साली त्याने हे छापलं तेव्हा तो तिशीचा होता. (साधारण माझ्याच वयाचा. मी अजून बुटाखाली काय येतंय ते बघायला शिकतेय.)

"म्हणजे बाबांनी अर्धं केलं आणि मुलाने पूर्ण केलं?" मोठीने विचारलं. तिला ते फार आवडलं.

तुम्हाला जायचं असेल तर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात हा मोसम, पण बहर पावसाच्या लहरीवर. रोजची संख्या ठरलेली असते, म्हणून ऑनलाइन बुकिंग आधीच करा आणि शक्यतो वीकेंड टाळा. एक दिवस रजा टाका, जग बुडत नाही. सकाळी लवकर पोचा. भिंग न्या. कपडे खराब होणार हे गृहीत धरा, कारण गुडघे टेकल्याशिवाय इथले हीरो दर्शन देत नाहीत. मुलं नसतील तर कुणाचीतरी उसनी न्या. त्यांची उंची या कामाला बरोबर आहे. आणि मागे सरकताना आधी मागे बघा.

गेल्या आठवड्यात रात्री ताईचा फोन. आवाज वैतागलेला. "तू काय शिकवून ठेवलंस गं पोरांना? छोट्याने माझा मसाल्याचा छोटा डबा पळवलाय. डास मारायच्या बॅटने मेलेले डास त्यात साठवतोय. रोज मोजून. टाकून दे म्हटलं तर म्हणतो, कासला न्यायचेत."

"आणि मोठी काय म्हणते?"

"तीच तर लिहून ठेवतेय वहीत. तारीख आणि संख्या." ताईने सुस्कारा सोडला. "ऐक, तू त्यांना पुढच्या सप्टेंबरात खरंच नेणार आहेस का?"

'बघू' अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. ते गिळून मी विचारलं, "डब्याला झाकण घट्ट आहे ना?"